सपाट मोटर

आमच्या कंपनीत मोटर भरायची बाईनं आणि ती जळली की शिव्या खायच्या पुरुषानं, असा रिवाज होता. कोणी म्हणेल, सौदा बरा आहे की! मीही सहा वर्षं तसंच म्हणत होते. मग एक दिवस माझं डोकं फिरलं, त्याची ही गोष्ट.

कंपनी हिंगण्याला. शेतातल्या विहिरीवर लागतात त्या पंपाच्या मोटरा आम्ही बनवायचो. मोटरीच्या लोखंडी गोलाला आतल्या बाजूनं खाचा असतात. त्या खाचांत तांब्याच्या तारेची वेटोळी, म्हणजे कॉइल, एकेक करून बसवायची. याला आम्ही मोटर भरणं म्हणतो. हे काम आम्ही आठ बायका करायचो, कारण बायकांची बोटं बारीक असतात असं साहेब लोकांचं मत होतं. पण हजेरीच्या रजिस्टरात आमच्या नावापुढे ‘मदतनीस’ लिहिलेलं. ‘वाइंडर’ फक्त पुरुष, अकरा जण. प्रत्येक वाइंडरला एक नंबर असायचा आणि तयार मोटरीच्या अंगावर तो ठोकायचा. उद्या काटोलच्या एखाद्या संत्र्याच्या बगीच्यात मोटर जळली, तर ती कोणी भरली ते कळलं पाहिजे ना! आम्हा आठही जणींच्या मोटरांवर सात नंबर बसायचा. सात नंबर म्हणजे महादेवराव.

महादेवराव माणूस वाईट नव्हते. पन्नाशीचे, कमी बोलणारे, डोक्यावर काळी टोपी. आमची एखादी मोटर जळून परत आली की मान खाली घालून बोलणी खायचे आणि बाहेर येऊन कोणाचं नाव घ्यायचे नाहीत. पण आमच्या मोटरा जळायच्याच कमी. त्यामुळे दर दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली की ‘उत्तम वाइंडर’ म्हणून सात नंबरचाच सत्कार. एका वर्षी त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते त्यांच्या घरी टिकटिक करत होतं आणि आम्ही इकडे कंपनीची बस चुकेल म्हणून दुसऱ्याच्या मनगटाकडे पाहत होतो.

मला माझा नंबर हवा होता. दुसरं काही नको. मी भरलेल्या मोटरीवर माझा आकडा, एवढंच. तो मागायला मी तीनदा मधुकररावांकडे गेले. मधुकरराव आमचे मॅनेजर. त्यांनी तिन्ही वेळा चष्मा काढून पुसला आणि तिन्ही वेळा एकच सांगितलं.

“सुमतीबाई, वाइंडर म्हणजे नकाशा वाचून मोटर भरणारा माणूस. तुम्ही नमुना पाहून भरता. ते विणकाम झालं.”

“मग नकाशा दाखवा ना साहेब. मी वाचतो.”

“मदतनिसाने नकाशाला हात लावायचा नाही, असा नियम आहे.”

म्हणजे नकाशा वाचता येत नाही म्हणून नंबर नाही, आणि नंबर नाही म्हणून नकाशा नाही. आमच्या रामटेककडे बैल झाडाला बांधून ठेवतात आणि वर त्याला म्हणतात, चालत काहून नाहीस. तसलाच प्रकार.

ऐंशी सालच्या डिसेंबरात कृष्णकांत नावाचे इंजिनीअर एक मासिक घेऊन कॅन्टीनमध्ये आले. पुण्याचे, कंपनीत लागून वर्षच झालेलं, आवाज मऊ. मासिकात जपानच्या एका गाडीचा फोटो होता. चाचणीच्या मार्गावर ती ताशी पाचशे किलोमीटरच्या वर पळाली होती आणि पळताना खाली टेकलेली नव्हती. चार बोटं वर, अधांतरी. महादेवराव म्हणाले, “फेकून राहिले साहेब.” पण कृष्णकांत फेकत नव्हते. जानेवारीत कस्तुरचंद पार्कवर कारखान्यांचं प्रदर्शन होतं, मुंबईहून मालक येणार होते, आणि अशा गाडीचं छोटं मॉडेल करून दाखवायला त्यांनी मधुकररावांकडून मंजुरी आणली होती.

“ती गाडी इंजिनाशिवाय कशी पळते?” मी विचारलं.

कृष्णकांतांनी टेबलावर बोटानं एक गोल काढला. “तुम्ही मोटर भरता तेव्हा आत काय होतं? वीज सोडली की कॉइलचं चुंबक होतं. एकीचं जोर धरतं, मग तिच्या शेजारणीचं, मग पुढचीचं. चुंबक गोल गोल पळतं आणि मधला भाग त्याच्या मागे फिरतो. आता ही मोटर एका जागी कापा आणि चपातीसारखी सपाट पसरा. चुंबक कुठे पळेल?”

“सरळ,” मी म्हटलं.

“सरळ. त्याच्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा ठेवा. तो पळत्या चुंबकाच्या मागे पळेल. हा झाला धक्का. आणि उचल अशी, की लोहचुंबक अॅल्युमिनियमला ओढत नाही, बरोबर? पण चुंबक हलतं असलं की त्या पत्र्यात वीज उमटते. ती वीज पत्र्यात स्वतःचं एक चुंबक उभं करते, आणि ते खालच्या चुंबकाशी भांडतं. त्या भांडणानं पत्रा वर उचलला जातो. जपानच्या गाडीत चुंबक गाडीवर असतात, बर्फाहून कितीतरी थंड ठेवलेली, आणि कॉइल खाली मार्गात. पण भांडण हेच.”

“म्हणजे भांडल्याशिवाय वर उठता येत नाही,” रुखमाबाई म्हणाल्या. रुखमाबाई आमच्यात सगळ्यात मोठ्या, सोळा वर्षं मोटरा भरणाऱ्या, अक्षरओळख शून्य. कृष्णकांत हसले. मला हसू आलं नाही. मला ते पटलं.

चार फूट लांब लोखंडी पट्टा तयार झाला, त्याला अठ्ठेचाळीस खाचा. कृष्णकांतांनी नकाशा काढला, मधुकररावांनी सही केली, आणि काम अर्थातच सात नंबरकडे गेलं. इथे थोडं आमच्या धंद्यातलं सांगावं लागेल. प्रत्येक कॉइलला दोन पाय असतात. एक पाय एका खाचेत तळाला बसतो, दुसरा पाय तीन खाचा मागे, दुसऱ्या कॉइलच्या पायावर. म्हणजे दर खाचेत एक पाय खाली, एक वर. सुरुवातीच्या तीन कॉइलींचे वरचे पाय बसवता येत नाहीत, कारण त्यांच्या खाली बसणाऱ्या शेवटच्या तीन कॉइली अजून यायच्या असतात. म्हणून ते तीन पाय सुतळीनं वर बांधून ठेवायचे आणि गोल पुरा झाला की त्या शेवटच्यांवर नेऊन बसवायचे. हे आम्हाला झोपेतही येतं.

पण सपाट पट्ट्यात शेवटची कॉइल पहिलीपासून चार फूट लांब! कृष्णकांतांनी गोल मोटरीचाच नकाशा कापून सरळ केला होता आणि त्यात अठ्ठेचाळीस कॉइली तशाच ठेवल्या होत्या. महादेवरावांनी तो बारकाईनं पाहिला. चूक त्यांच्या लक्षात आली नसेल असं मला वाटत नाही. पण सही झालेल्या कागदाला धरून चाललं की जळलं तरी कागद जळतो, आपण वाचतो, हे त्यांनी तीस वर्षांत शिकलेलं. त्यांनी त्या तीन कॉइलींच्या तारा चार फूट ताणून पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेल्या. अंगठ्याएवढा जाड दोर बाजूनं वर आला. वीज सोडली तेव्हा पत्रा जागच्या जागी थरथरला, एका अंगानं कलला, त्या दोराला घासला, आणि दहा मोजायच्या आत वार्निशचा धूर निघाला. सगळं जळून काळं.

“नकाशात होतं तसंच केलं,” महादेवराव म्हणाले आणि टोपी नीट करून निघून गेले.

प्रदर्शनाला अकरा दिवस उरले होते. कृष्णकांतांचा चेहरा पाहवत नव्हता. मी मधुकररावांकडे गेले.

“साहेब, मले द्या. मी भरतो.”

“जमलं नाही तर?”

“तसंही जळेलच आहे साहेब. जळलेलं अजून काय जळन?”

त्यांनी खांदे उडवले. “भरा. नंबर मात्र सातच पडेल.” मी गप्प राहिले. मी गप्प राहिले की आमच्या घरी सगळे सावध होतात, पण मधुकररावांना ते माहीत नव्हतं.

नकाशा मी उघडपणे माझ्या टेबलावर पसरला, कृष्णकांतांच्या समोर. त्यांनी त्याचा एक कोपरा धरून दिला. आणि खरं सांगते, पहिली चूक मीही तीच केली. हातानं आपोआप पहिल्या तीन कॉइली बसवल्या, त्यांचे पाय सुतळीनं वर बांधले आणि पुढे भरत गेले. दोन दिवस. शेवटी अठ्ठेचाळिसाव्या खाचेशी पोचले आणि मागे वळून पाहिलं, तर ते तीन पाय चार फुटांवर तसेच हवेत.

“काहून वं सुमती,” रुखमाबाई म्हणाल्या, “हे तीन कोणाची वाट पाहून राहिले?” सगळ्या हसल्या. मला इतका राग आला की सुतळी दातांनी तोडावीशी वाटली.

जेवायला आम्ही आठ जणी नेहमी खोलीत मधोमध गोल बसायचो. आमची रीत अशी की प्रत्येकीनं आपल्या भाजीतली थोडी डाव्या हाताच्या बाईला द्यायची. गोलात सगळ्यांना दोन भाज्या मिळतात. त्या दिवशी मधल्या जागेत प्रदर्शनाची खोकी ठेवलेली होती, म्हणून आम्ही भिंतीला टेकून ओळीत बसलो. मी एका टोकाला. माझ्याकडे भाजी आलीच नाही आणि दुसऱ्या टोकाच्या शामलाला आपली द्यायला कोणी मिळेना. ती वांग्याचा डबा हातात धरून इकडे तिकडे पाहत राहिली.

मी घास तसाच ठेवून उठले. ओळ गोल नसते, एवढी साधी गोष्ट! ओळीला दोन टोकं असतात, आणि टोकाच्याला अर्धंच मिळतं. मिळू दे की अर्धं! मी त्या पहिल्या तीन कॉइली काढूनच टाकल्या. दोन्ही टोकांच्या तीन-तीन खाचा अर्ध्याच भरल्या आणि उरलेल्या पोकळीत बांबूच्या कामट्या ठोकल्या. अठ्ठेचाळीस खाचा, पंचेचाळीस कॉइली. सगळ्यांचे पाय जमिनीवर.

कृष्णकांतांनी खाचा आणि कॉइली मोजून पाहिल्या. मग हळूच म्हणाले, “बरोबर आहे. पण नकाशात अठ्ठेचाळीस आहेत. बदलायचा तर मधुकररावांची सही लागेल, आणि ते आता सही करणार नाहीत.”

“मग नका बदलू. नकाशा तुमचा, मोटर माझी.”

वार्निश वाळल्यावर आम्ही पहिली चाचणी दुपारच्या सुट्टीत घेतली. जळलेल्या पत्र्याच्या जागी नवा यायचा होता, म्हणून रुखमाबाईंनी आपल्या जर्मनच्या डब्याचं झाकण दिलं. आमच्याकडे अॅल्युमिनियमला जर्मनच म्हणतात. शामला म्हणाली, “आधी माह्या स्टीलचा ठेवू.” तिचा डबा असा खाडकन चिकटला की वीज बंद केल्यावरच सुटला. मग जर्मनचं झाकण ठेवलं. कृष्णकांतांनी स्विच दाबला.

झाकण उठलं. हात नाही, दोरी नाही, काही नाही. दोन बोटं वर उठलं आणि सरकत निघालं, काही न घासता, काही आवाज न करता, खाली फक्त मोटरीची गुणगुण. चार फूट गेलं आणि टोकावरून रुखमाबाईंच्या पदरात पडलं. रुखमाबाई ओरडल्या, मी ओरडले, शामला रडायलाच लागली. सोळा वर्षं भाकरीवर बसणारं झाकण ते! आम्ही ते पुन्हा पुन्हा पळवलं. कॉइल तापायच्या, म्हणून एका वेळी पंधरा मोजायचे आणि बंद करायचं. मला मोजावंही लागायचं नाही. वार्निश नरम पडायला लागलं की वास बदलतो, तो मला कळतो.

मग नंबर ठोकायची वेळ आली. सात आकडा ठोकायचा लोखंडी ठसा माझ्याच टेबलाच्या कप्प्यात असायचा. मी तो बाजूला ठेवला, छन्नी आणि हातोडी घेतली आणि पट्ट्याच्या पुढच्या अंगावर ‘सुमती’ कोरलं. अक्षरं जरा वाकडी आली. पण लांबून वाचता येत होती.

प्रदर्शनात आमच्या मांडवापुढे मुंगीला शिरायला जागा नव्हती. पत्र्यावर कृष्णकांतांनी लाकडाचा लाल डबा बसवला होता, खिडक्या रंगवलेला. कडेला दोन लाकडी पट्ट्या, म्हणजे तो बाजूला घसरू नये. डबा उठायचा, तरंगत जायचा, स्विच उलटा केला की तरंगत परत यायचा. लोक खालून कागद सरकवून पाहायचे, तार तर नाही ना बांधलेली! स्विचपाशी मधुकररावांनी महादेवरावांना उभं केलं होतं, इस्त्रीच्या शर्टात. मी मागे, खोक्यांच्या बाजूला, कॉइल तापल्या की त्यांना हळूच सांगायला.

मुंबईचे मालक आले. त्यांनी तीनदा गाडी पळवायला लावली. मग वाकले आणि त्यांना अक्षरं दिसली.

“यह सुमती क्या है?”

मधुकररावांनी क्षणभरही वेळ लावला नाही. “गाडी का नाम है, सर. गाडियों के नाम रखते हैं न, वैसे.”

“अच्छा नाम है,” मालक म्हणाले.

माझं आयुष्य बरं चाललं होतं. नोकरी होती, नवरा बरा होता, घरात दोन वेळची भाजी होती. पण मी खोक्यांच्या मागून पुढे आले, कारण न येणं मला शक्यच झालं नाही. “गाडीचं नाव नाही साहेब,” मी म्हटलं. “माझं आहे. मोटर मी भरली.”

मालक हसले. माझ्याकडे पाहून नाही, मधुकररावांकडे पाहून हसले. आणि ते हसू मधुकररावांना फार लागलं.

तिसऱ्या दिवशी मला आरोपपत्र मिळालं. टाइप केलेलं, खाली शिक्का आणि मधुकररावांची सही. ‘आपण मदतनीस पदावर असताना, मंजूर नकाशाची पायमल्ली करून, सदर सपाट मोटर अठ्ठेचाळीसऐवजी पंचेचाळीस कॉइलींनी भरली, तसेच कंपनीच्या मालमत्तेवर अनधिकृत नाव कोरले. अठ्ठेचाळीस तासांत लेखी खुलासा करावा.’

सगळ्यांनी एकच सल्ला दिला. कृष्णकांत म्हणाले, “तुम्ही नुसतं लिहा, की महादेवरावांनी सांगितलं तसं केलं. मदतनिसाला नकाशा कळत नाही, हे त्यांचंच म्हणणं आहे. प्रकरण मिटेल.” घरी माझा नवरा कवडू, कोराडीला वीज केंद्रात कोळशावर कामाला, तोही तेच म्हणाला.

“लिहून दे ना वं, मले काही समजत नाही म्हणून. नोकरी गेली तर?”

“समजत नाही म्हणून लिहू?”

“कागदावरच तं लिहायचं हाय.”

“सहा वर्सं कागदावरच तं मी काही नाही!” मी म्हटलं. “आता कुठी त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलं, का मोटर हिनं भरली. शिक्का मारून दिलं. आन मी नाही म्हणू?”

कवडू दिव्याखाली सरकला. त्यानं ते आरोपपत्र पुन्हा एकदा वाचलं, आणि या वेळी त्याला ते दिसलं. “बाप्पा,” तो म्हणाला.

मी खुलासा लिहिला. दोनच ओळी. ‘दोन्ही आरोप मान्य आहेत. मोटर मीच भरली आणि पंचेचाळीसच बरोबर आहेत.’

चौकशी मधुकररावांच्या खोलीत झाली. चौकशी करायला कंपनीनं गोपाळराव नावाचे म्हातारे वकील बोलावले होते. कडक, हळू बोलणारे, नियमांचं पुस्तक बरोबर आणलेले. त्यांनी माझा खुलासा वाचला, मग पुस्तक वाचलं, मग चष्म्यावरून मधुकररावांकडे पाहिलं.

“अडचण आहे. नकाशा मोडण्याचा नियम फक्त वाइंडरला लागू आहे. मदतनिसाकडे नकाशा देताच येत नाही, मग तो मोडेल कसा? या बाई मदतनीस असतील तर मोठा आरोप गळतो आणि नाव कोरल्याची समज देऊन सोडावं लागेल. वाइंडर असतील तर शिक्षा होईल. काय लिहू?”

मधुकररावांना शिक्षा तर हवी होती. पण मला वाइंडर म्हणायचं नव्हतं. गोपाळरावांनी कृष्णकांतांना विचारलं, तर ते जमिनीकडे पाहत म्हणाले, “नकाशात अठ्ठेचाळीसच होत्या.” खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

मग महादेवराव पुढे आले. टोपी काढून हातात घेतली. “साहेब, लिहा का मोटर म्या भरली. पोरीची नोकरी कायले घेता? सात नंबर माझाच आहे, माझ्याच नावावर टाका.”

ते मनापासून बोलत होते. तेच तर वाईट होतं. शिव्या देणाऱ्याला उलट बोलता येतं. असा पाठीवर हात ठेवून कोणी तुमचं असणंच पुसून टाकलं तर काय बोलायचं? पण मी बोलले.

“महादेवराव, तुमच्या पाया पडतो, पण उपकार नका करू. तुमच्या उपकारांवर आठ बायका इतकी वर्सं मदतनीस आहेत. साहेब, मोटर मी भरली. नकाशा मी मोडला. चुकीचा होता म्हणून मोडला, आन पुन्हा चुकीचा आला तर पुन्हा मोडीन. शिक्षा द्या. पण वाइंडरची द्या.”

मधुकररावांनी चष्मा काढला, पुसला. मग त्यांचा राग त्यांच्या हुशारीच्या पुढे निघून गेला. “लिहा,” ते म्हणाले. “वाइंडर म्हणून लिहा. चार दिवस सस्पेंड.”

गोपाळरावांनी छापील फॉर्म पुढे ओढला आणि लिहायला लागले. मध्येच थांबले. “वाइंडर क्रमांक?”

“सात लिहा,” मधुकरराव म्हणाले.

आणि तेव्हा महादेवराव, जे आत्ताच माझ्यासाठी सगळं अंगावर घ्यायला निघाले होते, एकदम ताठ झाले. “सात माझा आहे साहेब. सस्पेंडचा डाग माझ्या नंबरावर नोको. माझं रेकॉर्ड साफ आहे.”

“रकाना रिकामा ठेवता येत नाही,” गोपाळराव म्हणाले.

अकरा वाइंडर होते. मधुकररावांनी खिडकीबाहेर पाहत सांगितलं, “बारा.”

तो कागद घेऊन मी भर दुपारी घरी आले. ‘सुमती कवडू चाफले, वाइंडर क्रमांक १२, यांना शिस्तभंगाबद्दल चार दिवस निलंबित करण्यात येत आहे.’ मी तो कवडूला वाचायला लावला, मग शेजारच्या यमुताईंना. यमुताई म्हणाल्या, “अवो, ही तं वाईट गोष्ट हाय ना?” मी म्हटलं, “फारच वाईट,” आणि दोघी इतक्या हसलो की त्यांचं दूध उतू गेलं.

निलंबनाच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कंपनीची बस आमच्या कोपऱ्यावर थांबली आणि रुखमाबाई उतरल्या. त्यांचं घर तीन थांबे पुढे. चालत आल्या त्या थेट माझ्या ओसरीवर बसल्या आणि पाणी मागितलं.

“आज सात अर्ज देले आम्ही साहेबाले,” त्या म्हणाल्या. “शामलानं लिहिले सगळे. म्हणलं, आम्हीबी मोटरा भरतो. आम्हीबी कवा कवा नमुना सोडून भरतो, चांगलं व्हावं म्हणून. गुन्हा कबूल हाय. आमच्यावरबी आरोपपत्र काढा.”

“मग? साहेब काय म्हणले?”

“काय म्हणन? चष्मा पुसून राहिले.” रुखमाबाईंनी पाणी संपवलं आणि शाईनं निळा झालेला अंगठा पदराला पुसला. “माह्या अर्जावर त म्या वेगळं लिहून घेतलं. सुमतीले चार दिवस देले, मले आठ द्या म्हणलं. मी तिच्यापेक्षा धा वर्सं जास्त मोटरा भरल्या.”